पत्त्याचा रकाना

टीबी झाला हे सांगायची मला लाज वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आजार आहे, होतो, औषधानं जातो. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, अकरा किलो वजन भरलं, आता जिनाही चढतो, दमानं का होईना. माझी लाज दुसऱ्याच गोष्टीची आहे आणि तिच्यावर गोळी नाही.

दवाखान्यातल्या शोभा मॅडम म्हणाल्या, "नवीन पेशंट फार घाबरलेले असतात हो. तुम्ही तुमचा अनुभव लिहून द्या, चार शब्द." त्यांना कन्नडात एक पान लिहून दिलं. ते तिथं भिंतीवर लावलंय. त्यात सगळं खरं आहे, पण सगळं नाही. उरलेलं इथं मराठीत लिहितोय, कारण घरच्यांशी जे खोटं बोललो ते मराठीत बोललो.

*

मी परशराम. गाव निपाणीजवळ. बेंगळुरूला येऊन चोवीस वर्षं झाली आणि ती सगळी पीण्यात गेली. पीण्या म्हणजे छोट्या-छोट्या कारखान्यांचं जंगल. आमच्या शेडमध्ये पंपाचे सुटे भाग व्हायचे आणि मी तपासणीला होतो. हातात व्हर्नियर, समोर ट्रे. माप बसलं तर डावीकडे, नाही बसलं तर लाल खूण करून उजवीकडे. ऑपरेटर पोरं मला शिव्या द्यायची, "परशुअण्णा केसाच्या फरकानं माल पाडतो." पाडायचोच. तपासणीच्या कागदावर चूक झाली तर खोडायची सुद्धा रीत असते: एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, वर खरं लिहायचं आणि शेजारी सही करायची. खाडाखोड केलेला कागद मी परत पाठवायचो. असा काटेकोर माणूस मी, आणि राहायचो कुठं? शेडच्या माडीवर. मालकानं दिलेली खोली होती, दहा बाय आठ, खिडकी नाही, खाली लेथ सुरू झालं की चहाचा कप सरकायचा. नोकरी आणि छप्पर एकाच किल्लीत.

घरी मात्र वेगळं सांगितलेलं. माझी थोरली बहीण, आक्का, येलहंकाला असते. दाजी रेल्वेत होते, आता रिटायर झालेत. दोन मुलं, स्वतःचं घर. तिच्या घराच्या वास्तुशांतीला सगळं गाव आलं होतं. जेवायच्या पंगतीत कुणीतरी विचारलं, "परशा, तुझं काय?" आणि मी म्हणून गेलो, "मी पण घेतलंय की भाड्यानं. हॉल, किचन, एक बेडरूम." तोंडातून गेलं ते गेलं. लग्न झालं नव्हतं, निदान घर तरी असावं असं वाटलं असेल.

आक्का म्हणजे सोडणारी बाई नव्हे. "घर दाखीव की एकदा" म्हणून मागं लागली. आज शिफ्ट, उद्या रंगकाम, असं करत मी टाळलं. मग एकदा फोन आला, "खिडकीचं माप सांग रं, पडदे शिवायलोय." मी काय करावं? मालकाच्या ऑफिसची खिडकी स्टीलच्या टेपनं मोजली आणि सांगितलं: बेचाळीस इंच बाय छत्तीस. खोटं सांगायचं तरी माप बरोबर पाहिजे! तिनं निळ्या फुलांचे दोन पडदे शिवून दिले, वर कड्या लावून. ते माझ्या पेटीत पडून राहिले.

*

घर एका दिवसात जात नाही, हे मला नंतर कळलं. मालक थकले, मुलगा परदेशी, त्यांनी शेड विकली. त्यांची काही चूक नाही, मला जेवायला बोलावून, हात धरून सांगितलं. पण नोकरी गेली त्याच दिवशी खोली गेली. मग मी दुसऱ्या कारखान्यातल्या तिघांबरोबर एका खोलीत राहिलो आणि दोन-तीन ठिकाणी तपासणीचं सुटं काम धरलं. तेवढ्यात खोकला लागला. आधी वाटलं धूळ. मग संध्याकाळचा ताप, पँट कमरेतून घसरायला लागली. तिघं बिचारी चांगली पोरं होती. एका रविवारी चहा पिता-पिता एक जण अगदी अदबीनं म्हणाला, "अण्णा, स्वल्प दिवस ऊरिगे होगी." म्हणजे थोडे दिवस गावाकडे जाऊन या.

मी म्हणालो, "सरी." म्हणजे बरं.

बस. ना भांडण, ना कुणी सामान फेकलं. रस्त्यावर झोपलेली माणसं बघून मला पूर्वी वाटायचं, ह्यांनी काहीतरी केलं असणार, दारू असेल, जुगार असेल. मी काही केलं नव्हतं. मी फक्त 'सरी' म्हणालो आणि पेटी उचलली. गावाला कुणी नव्हतं. येलहंकाला बहीण होती, बसनं तासाभराच्या अंतरावर. तिच्याकडे जायचं तर हॉल-किचनचं काय झालं ते सांगावं लागणार. ते सांगण्यापेक्षा मला फुटपाथ सोपा वाटला. मूर्खपणा म्हणा, पण तेव्हा वाटलं खरं.

*

मल्लण्णा मला ओळखत होता. आमच्या जुन्या शेडच्या समोरच्या गल्लीत एक मोठा कारखाना बंद पडलेला, त्याच्या गेटवरचा वॉचमन. वय सत्तरीकडे झुकलेलं, रायचूरकडचा माणूस, खाकी शर्टाची वरची गुंडीही लावलेली. कारखाना बंद झाला तेव्हा त्याला कुणी 'जा' म्हटलं नाही, म्हणून तो राहिला. त्याची गोष्ट त्यानं एकदाच सांगितली. मुलाचं घर एका खोलीचं, सून बाळंतपणाला आलेली, म्हणून हा म्हणाला, चार महिने मी गेटवर झोपतो. त्या चार महिन्यांना नऊ वर्षं झाली. मुलगा मग खोली सोडून कुठंतरी गेला. हाही 'सरी' म्हणाला असणार.

मी पेटी घेऊन उभा राहिलो तेव्हा त्यानं केबिनमधून विचारलं, "यारु?" कोण म्हणून. ओळखत असूनही विचारलं, ती त्याची रीत. मग म्हणाला, "बा, परसप्पा." ये म्हणून.

मी लगेच सांगितलं की माझं घर येलहंकाला आहे, बहिणीशी जरा वाजलंय, चार दिवसांचा प्रश्न आहे. त्यानं मान हलवली, गेट रजिस्टर काढलं आणि माझी नोंद केली. नाव, कुठून आला, काम काय, आत किती वाजता, बाहेर किती वाजता. 'कुठून' खाली लिहिलं येलहंका. 'काम' खाली लिहिलं विश्रांती. मला हसू आलं. बंद कारखान्यात रजिस्टर कसलं? पण तो रोज लिहायचा. कुत्रं सोडून दुसरं कुणी आलं नाही तरी तारीख घालायचा. मी संध्याकाळी आलो की आत, सकाळी सहाला निघालो की बाहेर. समोर सही घ्यायचा. रविवारीसुद्धा.

केबिन सहा बाय सहा. दोघं झोपलो की कुशीवर वळायचं तर दुसऱ्याला सांगावं लागायचं. पावसाळी हवा म्हणून तो खिडकी लावून घ्यायचा, मला थंडी बाधू नये म्हणून. एकच पेला, एकच तांब्या. आक्कानं शिवलेल्या पडद्यांतला एक मी त्याला पांघरायला दिला, एक मी घेतला. पाच महिने माझा श्वास तो घेत होता. तेव्हा मला माहीत नव्हतं, हे खरं. नंतरचं मात्र सगळं माहीत असताना झालं.

*

एका सकाळी नळावर तोंड धुताना खोकल्याबरोबर रक्त आलं. थोडंथोडकं नव्हे, मोरी लाल झाली. मल्लण्णानं रिक्षा थांबवली, मला आत बसवलं, माझी पेटी भरून पायाशी ठेवली. रिक्षावाल्यानं विचारलं, "तुम्ही येताय का?" तो म्हणाला, "गेट सोडून कसा येऊ?" बंद कारखान्याचं गेट!

सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढला, थुंकी तपासली आणि दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, टीबी आहे, दाखल व्हा. मला आधी सुटल्यासारखंच वाटलं. मी कॅन्सर धरून चाललो होतो. मग त्यांनी मला शोभा मॅडमकडे पाठवलं. चाळिशीची बाई, नाकात खडा, समोर फॉर्म.

"मने एल्ली?" घर कुठं?

अख्ख्या आजारात मी सगळ्यात जास्त घाबरलो तो हा प्रश्न ऐकून. रक्त बघून नाही. मागं दहा-बारा माणसं उभी, माझा शर्ट दोन दिवसांचा, आणि बाई पेन धरून वाट बघतेय. 'गेटवरच्या केबिनमध्ये राहतो' एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो, येलहंका. घर नंबर, क्रॉस रोड, मेन रोड, पिनकोड, सगळं आक्काचं, अगदी चोख.

"घरी कोण कोण?"

"बहीण, भाऊजी, दोन भाचे."

त्यांनी चारही नावं लिहून घेतली आणि काहीतरी समजावून सांगितलं. आम्ही घरी येऊ, एका खोलीत राहणाऱ्या सगळ्यांना तपासू, हे त्यांनी सांगितलं होतं. मी ऐकत नव्हतो. पत्ता दिल्याबरोबर बाईंचा आवाज कसा मऊ झाला तेवढंच मला ऐकू आलं होतं.

*

वॉर्डात सकाळी सहाला नर्स गोळ्या घेऊन यायची आणि गिळून जीभ दाखवेपर्यंत हलायची नाही. लघवी नारंगी होते, मी घाबरून शेजारच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अभिनंदन, औषध लागू पडलं." खिडक्या सताड उघड्या. तिथं मला पहिल्यांदा कळलं की हवा खेळती ठेवायची असते, आणि मला आमची केबिनची लावलेली खिडकी आठवली. दहाला नाचणीची गंजी, म्हणजे पेज. ती मी आधी नाक मुरडून आणि आठव्या दिवशी बोटानं पुसून खाल्ली. लोकांना भेटायला माणसं यायची. मी शेजारच्याला सांगायचो, माझी बहीण आज येणार आहे.

आणि ती खरंच आली. सहाव्या दिवशी, तोंडाला मास्क, हातात डबा, सोबत शोभा मॅडम. मी उठून बसलो. मॅडम तिच्या घरी जाऊन आल्या होत्या. दारात उभं राहून त्यांनी विचारलं होतं, टीबीचे पेशंट परशराम इथंच राहतात ना? शेजारच्या दोन बायका बाहेर आल्या. आक्काला टीबीचं तेव्हाच कळलं, मी तिच्याकडे राहतो हेही तेव्हाच कळलं, आणि मला घर नाही हेही तिला तिथंच, आपल्याच उंबऱ्यावर कळलं.

तिनं डबा ठेवला. मला वाटलं आता भडका उडणार.

"आमची चौघांचीबी तपासणी झाली," ती म्हणाली. "कुणाला काय न्हाई."

"बरं झालं."

"आणि ते पडदे?"

मी मान खाली घातली.

"बेचाळीस बाय छत्तीस," आक्का म्हणाली. "दोन दिस मी ती मापं धरून मशिनीवर बसलो. परशा, माप कशाचं दिलं हुतंस रं?"

"मालकाच्या ऑफिसचं."

तिनं पदरानं मास्कच्या वरचे डोळे पुसले आणि डबा उघडून माझ्यापुढं ठेवला. आत वरणफळं होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

*

पुढचं भिंतीवरच्या पानात नाही.

आक्का पाणी आणायला म्हणून दोन पावलं गेली तेव्हा शोभा मॅडमनी स्टूल ओढलं. आवाज बारीक करून म्हणाल्या, "हे बघा, तुम्ही तिथं राहत नव्हता. ठीक आहे, मी काही पोलीस नाही. पण तुम्ही कुठंतरी झोपत होता. तिथं शेजारी कोण होतं? त्या माणसाला तपासायला पाहिजे. वेळेत कळलं तर साध्या गोळ्यांवर भागतं."

इतकं स्वच्छ सांगितलं. मी शुद्धीत होतो, ताप नव्हता. आक्का परत येत होती, तिच्या हातात तांब्या होता. केबिन म्हटलं असतं तर तिला ऐकू गेलं असतं. भाड्याचं घर नाही हे तिला कळलं होतं, पण ती समजत होती मी कुठल्यातरी लॉजवर, मित्राकडे असेन. गेटवर, वॉचमनच्या शेजारी, तिनंच शिवलेला पडदा पांघरून झोपत होतो हे तिला माहीत नव्हतं.

"कोणी नाही," मी म्हणालो. "एकटाच होतो."

मॅडमनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं आणि लिहून घेतलं.

पत्त्याचं खोटं मी घाबरून बोललो, त्याला मी स्वतःला माफ केलंय. ह्याला नाही.

*

पंधरा दिवसांनी सुट्टी मिळाली. आक्का मला येलहंकाला घेऊन गेली. दाजींनी मागची खोली रिकामी केली होती, खिडकीसमोर कॉट. मोठा भाचा आधी दारातूनच बोलायचा, मग एक दिवस आत येऊन पायथ्याशी बसला. ती गोष्ट मी विसरणार नाही. शेजारच्या बायका महिनाभर आक्काकडे आल्या नाहीत, भिशी दुसरीकडे हलवली. तिनं मला ते कळू दिलं नाही, धाकट्या भाच्याच्या तोंडून निसटलं.

मी बरा होत होतो. आज जाऊ, उद्या जाऊ, मल्लण्णाला सांगू, असं रोज म्हणत होतो. फोन त्याच्याकडे नव्हता. तिसऱ्या महिन्यात अंगात जोर आला आणि मी गेलो. दाजींचा इस्त्रीचा शर्ट घालून, बस बदलून, पीण्याला उतरलो. गल्लीच्या तोंडाशी आलो तर मल्लण्णा गेटवर खुर्चीत बसलेला. खाकी शर्ट खांद्यावरून लोंबत होता. पोटावर हात दाबून खोकत होता. तो खोकला मला ऐकून नव्हे, नुसतं बघून कळला.

मी वळलो. तीस पावलांवरून परत फिरलो. अंगात दाजींचा शर्ट होता, मी बरा दिसत होतो, आणि तो विचारेल 'काय झालं होतं तुला' तर सांगावं लागणार होतं. बसमध्ये मी स्वतःला समजावलं की म्हाताऱ्या माणसाला दमा असतो. घरी येऊन जेवलोसुद्धा. थू माझ्या जिंदगानीवर!

*

चौथ्या महिन्यात आक्कानं माझी पेटी उन्हात टाकली. धुवायचं धुतलं, फेकायचं फेकलं. दुपारी मी अंगणात बसलो होतो, ती निळ्या फुलांचा पडदा झटकत आली.

"ह्यो एकच हाय. दुसरा कुठाय?"

"दिला एकाला."

"कुणाला?"

"मल्लण्णाला."

"कोण मल्लण्णा?"

आता ह्यावर काहीही सांगता आलं असतं. जुना सोबती, धोबी, कुणीही. पण त्या पडद्यासमोर मला आणखी एक खोटं सुचेना. सांगितलं सगळं. केबिन, एक तांब्या, लावलेली खिडकी, मॅडमना काय म्हणालो ते. गल्लीच्या तोंडावरून परत आलो तेही सांगितलं. ती पडदा हातात धरून उभीच होती.

"म्हणजे त्यो माणूस चार महिने खोकायलाय," ती म्हणाली, "आणि तू हितं माझ्या हातची अंडी खायलाईस."

"होय."

"ऊठ. चप्पल घाल."

*

आम्ही रिक्षानं गेलो. गेटला नवीन कुलूप, केबिनच्या जागी नुसता चौथरा. समोरच्या टपरीवाल्या बाईनं सांगितलं, "आजोबा ना? दहा दिवस झाले. इथंच पडले, रक्त आलं. गाडी बोलावून पाठवलं. ती वही काही सोडेनात."

शोभा मॅडमना फोन लावला. पहिलं वाक्य मी कसंबसं बोललो, "मॅडम, मी एकटा नव्हतो." मग गेट, केबिन, वॉचमन, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "रायचूरकडचे का? मल्लण्णा? आमच्याच वॉर्डात आहेत. या."

माझ्याच वॉर्डात, माझ्या जुन्या कॉटपासून तीन कॉट पलीकडे तो होता. उशीला टेकून बसलेला, खाकी शर्ट घडी करून पायाशी, त्याच्यावर निळ्या फुलांचा पडदा. डॉक्टर बाहेर भेटले होते. डावं फुप्फुस जवळजवळ कामातून गेलंय, जगतील, पण धाप राहणार. थोडं आधी आले असते तर, एवढं म्हणून ते पुढं गेले.

"यारु?" मल्लण्णानं विचारलं. मग मला ओळखलं. हसला. "परसप्पा! जाड झालास."

मी कॉटच्या कडेला बसलो. तो आक्काकडे बघून हलक्या आवाजात मला म्हणाला, "काळजी करू नको. ह्या फाईलवाल्या मॅडमनी विचारलं, बरोबर कोण झोपायचं म्हणून. मी सांगितलं, कोणी नाही, एकटा. तुझं नाव घेतलं नाही. घरच्या माणसांत तुझी नाचक्की कशाला?"

शोभा मॅडम तिथंच उभ्या होत्या, फाईल घेऊन. आक्का होती. आजूबाजूला आठ-दहा पेशंट. मी उभा राहिलो आणि मोठ्यानं, कन्नडात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ह्यांच्याबरोबर मी झोपत होतो. गेटच्या केबिनमध्ये, पाच महिने. मला घर नव्हतं. हा आजार त्यांना माझ्याकडून आलाय."

मॅडमनी लिहून घेतलं. लिहायला त्यांना अर्धं मिनिट लागलं असेल. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, फोन नंबर काय. कुणी हसलं नाही, कुणी मान वळवूनही बघितलं नाही. समोरच्या कॉटवरचा माणूस संत्रं सोलत होता, तो सोलतच राहिला. ह्या अर्ध्या मिनिटासाठी मी एका माणसाचं फुप्फुस घालवलं.

*

आता आम्ही दोघं पीण्यातच एका खोलीत राहतो. तळमजला घेतला, कारण त्याला जिना चढवत नाही. ह्या खोलीचं माप आक्कानं स्वतः येऊन घेतलं, माझ्यावर तिचा विश्वास नाही. खिडकी मोठी आहे, जुने पडदे चार बोटं अपुरे पडतात. तरी तिनं तेच लावलेत. मल्लण्णाच्या गोळ्या सकाळी मी देतो आणि जीभ बघतो. तो मला माफ करून टाकल्यासारखा वागतो, आणि मला ते सहन होत नाही, पण ते माझं मी बघेन.

तुम्ही नवीन असाल, हातात फॉर्म असेल आणि पत्त्याच्या रकान्यापाशी पेन अडलं असेल, तर जे असेल ते सांगा. पूल सांगा, बसस्टँड सांगा, कुणाची पायरी सांगा. आणि शेजारी कोण झोपतं ते सांगा. त्या बाई घर बघायला विचारत नाहीत, माणूस शोधायला विचारतात. ते मला कुणी सांगितलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. सांगितलं होतं.

वॉर्डातल्या त्या दिवशीचं एक राहिलं. मॅडम गेल्यावर मल्लण्णानं उशीखालून गेट रजिस्टर काढलं. चार महिन्यांपूर्वीचं एक पान उघडून माझ्यापुढं धरलं. मी रिक्षात बसलो त्याच्या आदल्या संध्याकाळची ओळ होती. आत आल्याची वेळ, सही. 'बाहेर'चा रकाना कोरा.

"वेळ घाल," तो म्हणाला. "चार महिने राहिलीय."

मी पेन घेतलं आणि माझी नजर 'कुठून' ह्या रकान्यावर गेली. येलहंका. वरच्या ओळीतही येलहंका. पान उलटलं, तिथंही.

"मल्लण्णा, तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. घर असलेला माणूस पेटी घेऊन येत नाही."

"मग लिहिलंस कशाला?"

"तू सांगितलंस, मी लिहिलं. वॉचमन सांगितलेलं लिहितो."

मी पहिल्या पानावर गेलो. येलहंकावर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर लिहिलं, घर नाही. शेजारी सही केली. मग दुसरी ओळ. आक्का स्टुलावर बसून वाऱ्यानं उडणारी पानं धरत होती. एकशे अठ्ठेचाळीस ओळी होत्या. मल्लण्णा डोळे मिटून पडला होता, झोपलाय असं वाटून मी हात थांबवला की म्हणायचा, "पुढं."